बोजाऱ्याच्या पैशाचा गुलाबी पेढा: रंग खायचा की लुगड्याचा?

वैनगंगाकाठ | २४ ऑगस्ट, रात्री ९.१०

काल आमच्या गावी तान्हा पोळा झाला. पोरगी साडेपाच वर्षांची आहे. लाकडी नंदीला बेगड लावली, चाकाला नवी दोरी बांधली, घरोघरी फिरून बोजारा मागितला. सत्तावन्न रुपये जमले. मारुतीच्या देवळापुढं गाड्या लागल्या होत्या, तिथं बाईसाहेबांनी त्यातले तीस उडवले. एक बुढ्ढी के बाल, एका पुडीत गुलाबी-हिरवे पेढे आणि दोन पिवळ्याजर्द इमरत्या.

आज सकाळी जीभ गुलाबीच होती. जिभेचं सोडा, बोटांचं सांगते. रात्री साबणानं दोनदा धुतली, मग खोबरेल लावून पुसली, तरी नखांच्या कडेला रंग तसाच. पेढा धरायला पांढरा रुमाल दिला होता. तो नळाखाली धरला तर डाग फिका व्हायच्या ऐवजी आणखी भडकला आणि गुलाबी ओघळ थेट मोरीपर्यंत गेला. रात्रभर सोड्यात भिजवला. डाग हाये तिथंच हाये.

सासूबाई म्हणतात, "आमी हेच खाऊन म्हाताऱ्या झालो." नवरा म्हणतो, मोबाईल कमी पाहत जा. मला एवढंच विचारायचं आहे की मिठाईत रंग घालायला मुळात परवानगी असते का? असली तर कोणता रंग? आणि गाडीवर घेताना बाईमाणसानं ओळखायचं कसं? एक गुलाबी पेढा डब्यात जपून ठेवला आहे.

ठेचाभाकर | २४ ऑगस्ट, रात्री ९.२२

सत्तावन्न रुपये! आमच्या वेळी एका घरी गूळ-फुटाणे अन् दुसऱ्या घरी "उद्या ये". महागाई म्हणतात ते हेच.

कापूसकोंड्या | २४ ऑगस्ट, रात्री ९.४१

ताई, एवढं कायले घाबरून राहिल्या? मी चाळीस वर्षं झाले जत्रेतली जिलेबी खाऊन राहिलो. भगवी, लाल, एक वर्षी तं हिरवी भेटली, तेही खाल्ली. काई झालं नाई. आमच्या यवतमाळात २०१७ साली फवारणीनं माणसं मेली, शेतात मेली. त्या औषधाच्या डब्ब्यापुढं चाकूच्या टोकावरचा रंग म्हणजे काय चीज हाये? ज्याले भ्यायचं त्याले भ्या.

वैनगंगाकाठ | २४ ऑगस्ट, रात्री ९.५०

भाऊ, फवारणीचं दुःख आहेच. पण औषधाच्या डब्यावर निदान लाल त्रिकोण असतो. पेढ्यावर तोही नाही.

कापूसकोंड्या | २४ ऑगस्ट, रात्री ९.५४

हे मात्र खरं.

रसायन_मास्तर | २४ ऑगस्ट, रात्री १०.३०

ज्युनिअर कॉलेजात रसायन शिकवतो, त्यामुळे असा विषय निघाला की तोंड बंद राहत नाही. थोडं लांबेल.

परवानगी असते. आपल्या देशात खाण्यात घालायला आठ कृत्रिम रंग चालतात. लालात पोन्सो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन. पिवळ्यात टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. निळ्यात ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन. हिरव्यात फास्ट ग्रीन. मिठाईत या रंगांचं प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. दहा किलो बुंदी काढली तर तिच्यात सगळा मिळून एक ग्रॅम रंग. एक ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव हिस्सा समजा.

या आठांत नसलेले पण मिठाईत सापडणारे दोन मुख्य. पिवळा मेटॅनिल यलो आणि गुलाबी रोडामाइन-बी. दोन्ही कापड, कागद, चामडं रंगवायचे. स्वस्त पडतात, कणभर घातला की कढई रंगते, उष्णतेनं उतरत नाहीत. रोडामाइनपायी तमिळनाडूनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बुढ्ढी के बाल विकायलाच बंदी घातली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानं रंगीत बुढ्ढी के बाल बंद केले, पांढरे चालू ठेवले. त्याच आदेशात गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंगही बंद झाले.

ताई, पाण्यानं आणखी भडकणारा, बोटाला धरून बसणारा गुलाबी म्हटला की मलाही रोडामाइनच आठवतो. पण घरबसल्या छातीठोक सांगता येत नाही, कारण एरिथ्रोसिनसुद्धा बोटं रंगवतो. एक करून पाहा. किराणा दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली रुमाल धरा. रोडामाइन त्या उजेडात नारिंगी पेटल्यासारखा दिसतो. पांढरा रुमाल निळा चमकला तर दचकू नका. ते कपड्याच्या साबणातल्या चमक आणणाऱ्या द्रव्याचं काम.

बोंडअळी | २४ ऑगस्ट, रात्री १०.४४

गुलाबी रंगाबद्दल काही बोलाल तर याद राखा. माझ्या खानदानाचा प्रश्न आहे.

आज्जीबाई_आर्वी | २५ ऑगस्ट, सकाळी ६.१५

आमच्या काळी हे नव्हतं. लग्नात बुंदी असायची ती बेसनाचीच पिवळी. केशर परवडत नसे, हळदीची चिमूट टाकत. रंगपंचमीला पळसाची फुलं, रोठाला गूळ. नैसर्गिक ते सारं चांगलं. तुम्ही पोरी घरी करत नाही म्हणून हे रंग खावे लागतात.

लंबी_रोटी | २५ ऑगस्ट, सकाळी ७.०२

आजी, घरी करतो हो. पण तान्ह्या पोळ्याचा पेढा लेकराला गाडीवरचाच लागतो, त्याला इलाज नाही.

आणि हळदीवरून माझी फजिती ऐका. मागच्या दिवाळीत एक व्हिडिओ पाहिला. बुंदीवर ॲसिड टाका, गुलाबी झाली की भेसळ. घरी संडास धुवायचं ॲसिड होतं. मी वाटीत बुंदी घेतली, दोन थेंब टाकले, बुंदी लालभडक! आरडाओरडा करून अख्खं घर गोळा केलं. सासऱ्यांनी तेवढ्यात दुकानदाराला फोनही लावला. मग नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, ही बुंदी तर आपणच काढली ना परवा?" आपणच काढली होती. हळद घालून. दुकानदार अजून माझ्याकडं पाहून हसतो.

रसायन_मास्तर | २५ ऑगस्ट, सकाळी ७.४०

लंबी_रोटी, मला हे वर्गात सांगायची परवानगी द्या! हळदही तीव्र आम्लात लाल होते, मेटॅनिलही होतो. फरक पुढच्या पायरीला. पाणी ओतून पातळ केलं की हळदीची लाली जाते, मेटॅनिलची टिकते. टार्ट्राझिन आणि सनसेट यलो तर आम्लात असे पालटतच नाहीत. पण ते ॲसिड डोळ्यात उडालं तर बुंदीपेक्षा महागात पडेल. घरात लेकरं असताना हा खेळ नको.

आज्जीबाई, नैसर्गिक म्हणजे चांगलं हे मला पटत नाही. हळद दिसायला झगझगीत व्हावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळतात, म्हणजे शिसं. लेकरांच्या मेंदूला शिसं ज्या तऱ्हेनं बाधतं त्यापुढं टार्ट्राझिन गरीब गाय. हळद अख्खी घ्या आणि चक्कीवर दळून आणा, एवढंच म्हणेन.

पुण्यात_वऱ्हाडी | २५ ऑगस्ट, दुपारी १.१०

एवढी चर्चा कशाला? युरोपात हे सगळे रंग बंद आहेत. आपल्याकडेच चालतात. मुलांना बाहेरचं देऊ नका, संपला विषय.

रसायन_मास्तर | २५ ऑगस्ट, दुपारी २.०५

सगळे बंद नाहीत हो. २००७ साली इंग्लंडात साउथॅम्प्टनला मुलांवर एक अभ्यास झाला होता. सहा रंग आणि सोडियम बेंझोएट, असं मिश्रण पाजून मुलांचा चळवळेपणा मोजला. थोडा वाढलेला दिसला. त्यावरून युरोपीय संघानं जुलै २०१० पासून त्या सहा रंगांच्या पाकिटावर सूचना छापायला लावली, की याचा मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो. टार्ट्राझिन, सनसेट यलो, पोन्सो आणि कार्मोइसिन हे आपल्याकडचे चार त्या सहांत आहेत.

बंद झालेली उदाहरणंही आहेत, पण ती वेगळी. पांढरेपणासाठी वापरतात ते टायटॅनियम डायऑक्साइड युरोपनं २०२२ मध्ये खाण्यातून काढलं. एरिथ्रोसिनची परवानगी अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये रद्द केली आणि कंपन्यांना २०२७ पर्यंत मुदत दिली.

कापूसकोंड्या | २५ ऑगस्ट, दुपारी २.३०

पुण्यातले भाऊ, बाहेरचं देऊ नका म्हणणं सोपं हाये. बाजाराच्या दिवशी मायच्या पदराले धरून रडणारं पोट्टं पाहिलं नाई वाटते तुमी.

हलवायाचं_पोरगं | २५ ऑगस्ट, रात्री ११.२०

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो, कारण आमचाच धंदा आहे. बाबांची गाडी तीन आठवडी बाजारांत लागते. लग्नसराईत बुंदी-जिलेबीच्या ऑर्डरी असतात. मी बी.कॉम. झालो, आता बाबांसोबतच असतो.

रंग दोन तऱ्हेनं मिळतो. एक डबी. तिच्यावर कंपनीचं नाव, चौदा आकडी परवाना नंबर, रंगाचं नाव, तारीख, सगळं असतं. दुसरी कागदाची पुडी. "मिठाईचा पिवळा द्या" म्हटलं की दुकानदार मोठ्या डब्यातून काढून देतो. पुडीत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं. त्याच्याच फळीवर रांगोळीचे रंग असतात, बैलांची शिंगं रंगवायचे असतात. चमचा एकच. पुडी स्वस्त पडते. आम्ही चार वर्षांपासून डबीच वापरतो, आधी पुडी वापरायचो. खोटं कशाला बोलू.

आता रंग का घालतो ते ऐका. मागल्या उन्हाळ्यात एका लग्नात मी बाबांना हट्टानं बिनरंगाची बुंदी काढायला लावली. चांगलं बेसन, ताजं तेल, एकतारी पाक, वरून वेलची. पंगत बसली. नवरीचे मामा आले, द्रोणात बोट घातलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काहो महाराज, बेसनात मैदा मारला का? रंग नाही बुंदीले." बाबांनी तिथंच मान खाली घातली. हिशेबात पाचशे रुपये कापले गेले. त्या दिवसापासून बाबा मला काही करू देत नाहीत.

माणूस पिवळ्या रंगात तूप पाहतो, केशर पाहतो. फिकं दिसलं की त्याला वाटते आपल्याला फसवलं. अन् खरं तर उलट आहे. बेसनात लाखोळी डाळीचं पीठ मारलेलं असो की कालची उरलेली बुंदी आजच्या घाण्यात मिसळलेली असो, रंगाखाली सगळं झाकून जाते. फिक्या बुंदीत लपवायला जागाच नसते.

मास्तर, तुमचं ते दहा किलोला एक ग्रॅम वाचून आज सोनाराकडून काटा आणला. बाबांना काही न सांगता म्हटलं, दहा किलोच्या घाण्याला टाकता तेवढा रंग या कागदावर काढा. तीन वेळा काढायला लावला. दोन ग्रॅम ते साडेतीन ग्रॅमच्या मधात आला. प्रत्येक वेळी वेगळा.

वैनगंगाकाठ | २५ ऑगस्ट, रात्री ११.४५

भाऊ, एवढं उघड लिहिल्याबद्दल खरंच धन्यवाद. मामांचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. आमच्या लग्नात मीच म्हटलं होतं, जिलेबीला रंग चढला नाही म्हणून.

रसायन_मास्तर | २६ ऑगस्ट, सकाळी ६.५०

पोरा, बाबांना एवढ्यात दोषी ठरवू नको. डबीतली पूड म्हणजे निव्वळ रंग नसतो. बहुतेक डब्यांत मीठ किंवा साखर मिसळून पातळ केलेला असतो आणि शुद्ध रंग किती ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाच आणि मग हिशेब कर. पुडीत मात्र हा हिशेब होतच नाही.

पीएचसीतला_डॉक्टर | २६ ऑगस्ट, रात्री ९.३०

ओपीडी उरकून लिहितोय. ताई, मुलीला आज काही त्रास नसेल तर पेढ्याच्या रंगानं आता काही होणार नाही, झोपा निवांत. अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही दिसलं तर मात्र लगेच दाखवा. टार्ट्राझिननं काही थोड्या लोकांना असा त्रास होतो, विशेषतः ज्यांना दमा आहे किंवा ॲस्पिरिन सोसत नाही त्यांना.

मास्तरांच्या आकड्यांत एक भर घालतो. रोज, आयुष्यभर खाल्लं तरी चालेल असं प्रमाण खाणाऱ्याच्या वजनाच्या हिशेबानं ठरवतात. सनसेट यलोचं आहे किलोमागे ४ मिलिग्रॅम. एरिथ्रोसिनचं फक्त ०.१. आता पंधरा किलोचं लेकरू धरा. सनसेट यलो त्याला दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत चालेल. कायद्याची १०० ची मर्यादा पाळलेली मिठाई असली तर ती सहाशे ग्रॅम होते, तेवढी ते खाऊच शकत नाही. एरिथ्रोसिन मात्र दीडच मिलिग्रॅम. त्याच मर्यादेची गुलाबी मिठाई असेल तर पंधरा ग्रॅममध्ये कोटा संपला. एक पेढासुद्धा पूर्ण नाही. म्हणून "परवानगीचा रंग आहे" एवढ्यानं माझं समाधान होत नाही. कोणता, ते विचारतो. तरी हे रोजचं प्रमाण आहे. सणाला एकदा ओलांडलं म्हणजे विषबाधा झाली, असा अर्थ काढू नका.

मेटॅनिल आणि रोडामाइनचं असं प्रमाणच नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत मेटॅनिलचे मेंदूवर परिणाम दिसले आहेत. माणसाला मुद्दाम खाऊ घालून कोण पाहणार? ते खायचेच नाहीत, एवढं पुरे.

पण माझ्या टेबलावर जत्रेनंतर जे येतात ते रंगानं आलेले नसतात, खव्यानं आलेले असतात. पेढा खाल्ला, दोन-चार तासांत उलट्या. खवा सकाळी एसटीच्या टपावरून आला, दुपारभर उन्हात राहिला, त्यात जंतूंनी विष करून ठेवलं. ते विष पुन्हा उकळलं तरी मरत नाही. आणि बारा महिने जे येतात ते साखरेनं. पाच वर्षांच्या लेकरांचे पुढचे दात काळे. त्यावर धागा निघत नाही, कारण साखर बोटाला लागत नाही.

कापूसकोंड्या | २६ ऑगस्ट, रात्री ९.५२

डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य लय लागलं. मले शुगर हाये.

मोर्शीचा_संत्रा | २७ ऑगस्ट, सकाळी ११.००

संत्र्याच्या मुलखातून बोलतो. संत्रा बर्फी म्हणून जो भगवा खडा मिळतो, तसा रंग आमच्या कुठल्याच फोडीचा नसतो. फोडींचा गर खव्यात आटवला की बदामी-पिवळा होतो, फार तर फिक्या गाजरासारखा. पाहुण्यांना घरची बर्फी दिली तर म्हणतात, यात संत्रा कमी पडला. आता काय बोलायचं?

झाडीपट्टी | २७ ऑगस्ट, दुपारी १२.१५

गुळाचंही तेच नाही का? काळा गूळ कोणी घेत नाही, पिवळाधमक पाहिजे. आमचे मामा गुऱ्हाळावर होते. ते सांगत, रस उकळताना पूर्वी भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकत. मळी वर यायची, झाऱ्यानं काढून टाकायची. आता "हायड्रो" म्हणून पांढरी पूड टाकतात. एका मिनिटात रस उजळतो. ढेप बाहेर पडते तेव्हा सोन्यासारखी, चार महिन्यांनी पुन्हा काळीच.

रसायन_मास्तर | २७ ऑगस्ट, दुपारी १२.४०

सोडियम हायड्रोसल्फाइट. त्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो. त्याची मर्यादा गुळात किलोमागे ७० मिलिग्रॅम आहे. दम्याच्या रोग्याला तो सोसत नाही. काळपट गूळ घ्या, पाहुण्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या.

लंबी_रोटी | २७ ऑगस्ट, दुपारी १.०५

वर्खाचं काय? काजूकतलीवरचा. ॲल्युमिनियमचा असतो म्हणतात. (यावेळी ॲसिड नाही टाकणार, शपथ.)

रसायन_मास्तर | २७ ऑगस्ट, दुपारी १.२०

हा प्रयोग बिनधोक आहे. वर्ख चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्या. चांदीचा असला तर गोळा होऊन चकचकीत दाणा बनतो, ॲल्युमिनियमची करडी राख होते. काड्याची पेटी सासऱ्यांच्या हाती द्या.

ठेचाभाकर | २७ ऑगस्ट, दुपारी १.३१

आमच्याइकडं काजूकतली लग्नाच्या पाकिटावरच्या चित्रातच दिसते. बत्ताशाचं काही सांगा.

इतिहासाचा_उंदीर | २७ ऑगस्ट, रात्री ८.१५

अवांतर. इंग्लंडात ब्रॅडफर्ड नावाचं गाव आहे. १८५८ साली तिथल्या बाजारात विकायच्या गोळ्या बनवणाऱ्यानं साखर वाचवायला नेहमीची पांढरी भुकटी मागवली. औषधाच्या दुकानातल्या माणसानं चुकून आर्सेनिक काढून दिलं. वीसेक माणसं मेली, दोनशेच्या वर आजारी पडली. पुढं तिकडं औषधविक्रीचे आणि भेसळीचे कायदे झाले त्यात या घटनेचा वाटा होता. हलवायाच्या पोरानं "चमचा एकच" लिहिलं ना, ते वाचून हे आठवलं.

वैनगंगाकाठ | २८ ऑगस्ट, रात्री ८.५०

मास्तर, रुमाल दिव्याखाली धरला! किराणावाल्यानं आधी मला वेड्यात काढलं. रुमाल निळा चमकला, तुम्ही म्हणाला तसाच. अन् मधोमध डाग विस्तवासारखा नारिंगी. दुकानातले चार जण गोळा झाले. मग प्रत्येकजण आपापली जीभ दिव्याखाली दाखवायला लागला. खर्रा खाणाऱ्यांनी दाखवू नये, एवढंच सांगते.

डब्यातला पेढा कुठं द्यायचा?

रसायन_मास्तर | २८ ऑगस्ट, रात्री ९.२०

शंका पक्की झाली, पुरावा झाला नाही. पुरावा सरकारी प्रयोगशाळेचा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार साधा गिऱ्हाईकसुद्धा फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र विकत घेतानाच विकणाऱ्याला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे. पाच दिवस डब्यात ठेवलेल्या पेढ्यावर तो नाही म्हणू शकतो. तुम्ही जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडं तक्रार द्या, नमुना तो घेईल.

वैनगंगाकाठ | २८ ऑगस्ट, रात्री ९.३५

गाडीवाला कुठला ते कोणालाच माहीत नाही. पोळ्यापुरता आला, गेला.

पुण्यात_वऱ्हाडी | २९ ऑगस्ट, सकाळी ८.००

वर माझा सूर जरा चढा होता. काल ऑफिसात कोणीतरी पेढे वाटले. बारकं पाकीट उलटून रंगाचं नाव वाचलं, १२२. म्हणजे कार्मोइसिन. खाल्ला.

*(धागा दोन महिने शांत.)*

हलवायाचं_पोरगं | २९ ऑक्टोबर, रात्री १०.४०

धागा वर काढतो. मास्तर, डबीवरचं वाचलं. मीठ धरून हिशेब केला तर बाबांचं दोन ग्रॅमचं माप मर्यादेच्या आत बसते, साडेतीनचं काठावर. बाबांना दाखवलं. काही बोलले नाहीत. पण दिवाळीच्या घाण्याला पाहतो तर औषधाच्या शिशीसोबत येते ती प्लास्टिकची इवलीशी चमची रंगाच्या डबीत. सपाट एक चमची, वर बोट फिरवून. चाकूचं टोक गेलं.

आणि भाऊबीजेनंतर मंडई (आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा) सुरू झाली, तर गाडीवर दोन परातींचा डाव टाकला. एक रोजची बुंदी, एक बिनरंगाची. बिनरंगाचीवर पाटी लावली, "घरगुती बुंदी", आणि किलोमागे वीस रुपये जास्त. रंग नाही असं कुठंच लिहिलं नाही. पहिल्या मंडईत दोन किलो उरली. दुसऱ्या मंडईत, रात्री दंडारीचा (लोकनाट्याचा) खेळ सुरू व्हायच्या आत परात रिकामी. मामांनी ज्यासाठी पाचशे कापले होते, तीच बुंदी, महाग करून.

बोंडअळी | २९ ऑक्टोबर, रात्री १०.५२

याला म्हणतात बी.कॉम.

वैनगंगाकाठ | ३० ऑक्टोबर, दुपारी ३.१५

आमच्या मंडईत मी यावेळी विचारायचं ठरवून गेले होते. जिलेबीवाला म्हातारा, तोंड ओळखीचं. म्हटलं, काका, रंगाची डबी दाखवता का? रागावला नाही. फडक्याखालून काढली. डबी व्यवस्थित, परवाना नंबर, तारीख, सनसेट यलो, सगळं बरोबर. मी खूश. म्हटलं, किती टाकता? तर म्हणाला, "दिसेस्तोवर."

रात्री दंडारीच्या मंडपाबाहेर एकच बल्ब होता.

पीएचसीतला_डॉक्टर | ३० ऑक्टोबर, रात्री ९.०५

"दिसेस्तोवर" हे माप दवाखान्यात नेऊन लावतो. ताई, पोरीनं घेतली का जिलेबी?

वैनगंगाकाठ | ३० ऑक्टोबर, रात्री ९.२०

घेतली. पाव किलो. माझ्याकडून एक तुकडाही नाही दिला तिनं. म्हणे तू रुमालाला लावशील.

कापूसकोंड्या | ३१ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

राजेहो, मीबी नातवाले बिनरंगाची बुंदी घरी करवून घेतली. सुनेले म्हटलं, हळदबी नको. मस्त झाली, माह्या शुगरपायी दोनच दाणे खाल्ले. नातवानं वाटी हातात घेतली, उलटून-पालटून पाहिली अन् म्हणते, "आबा, हे कच्ची हाये. अजून पिकाची हाये."